इसार दिला, पाणी नाही घेतलं

आर्णी
दि. २२ जून २०२५

रा. रा. श्रीकृष्णराव यांसी विठ्ठलरावाचा रामराम, वि. वि.

परवा फोनवर तुम्ही म्हणाले, जे काय असन ते लेखी द्या, आन फोन ठेवून देल्ला. घ्या लेखी. माह्या अक्षराले हसू नका. शाळा सुटली तवापासून पेन धरला तो फक्त सोसायटीच्या सह्यांसाठी.

अक्षय तृतीयेले तुमच्या मागच्या घराचा इसार देल्ला. तुम्ही नारळ फोडला, मी पेढे वाटले. महिन्याभरात रजिस्ट्री करून किल्ली हातात देतो, हे तुमचेच शब्द. इकडे पेरण्या आटोपल्या, आन तुमचा पह्यला कागद अजून निघूनच राह्यला. असा कोणता कागद होय जी, सोन्याचा?

विमलचे हाल तुम्हाले माहीत आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिसले यवतमाळ. पहाटे गाडी, तिकडे मशीन, परत येतानी रस्ताभर उलट्या. डॉक्टरनं पाणी बी मोजून देल्लं. दिवसाचा एक लहान तांब्या, त्याच्यातच चहा, त्याच्यातच गोळ्या. यवतमाळात घर झालं तर दवाखाना जवळ, निकिता जवळ. म्हणून घेऊन राह्यलो, हौस म्हणून नाही. पोरीच्या सासऱ्याचंच घर, म्हणून डोळे मिटून सौदा केला. थेच चुकलं.

लोभ असू द्या. नसला तरी कागद पाठवा.

विठ्ठलराव

*

यवतमाळ
दि. १ जुलै २०२५

श्री. विठ्ठलराव यांना स. न. वि. वि.

पत्र मिळालं. अक्षराला हसलो नाही, मजकुराला हसलो. घर घेणं म्हणजे किराणा नव्हे, की पैसे टाकले आणि पिशवी उचलली. घर माझ्या आईच्या, कै. इंदुताईंच्या नावावर आहे. आधी वारसांची नोंद, तिला हरकतीची मुदत. मग माझी बहीण गौरी पुण्याहून येऊन सही करणार. मग नगर परिषदेच्या कराचा दाखला, मग तुमच्या वकिलाचा शोध अहवाल, आणि मग कुठे दस्त. भूमी अभिलेख खात्यात हयात गेली माझी. एक कागद हातात आल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, ही माझी पद्धत. महिन्याभराचं म्हणालो असेन, तर पेढा तोंडात होता तेव्हा म्हणालो असेन.

विहीणबाईंचे हाल मला ऐकवता, तर मीही विचारतो. घर होईपर्यंत निकिताच्या आईंनी आमच्याकडे राहावं, वरची खोली रिकामीच आहे, असं आमच्या मंदारनं तुम्हाला हात जोडून सांगितलं. निकितानंही सांगितलं. तुम्ही मान हलवलीत. मग त्यांना गाडीत कोण बसवतंय? मी?

सौ. उज्ज्वलाचा नमस्कार. असेल तेवढा लोभ जपून वापरावा.

श्रीकृष्ण

*

आर्णी
दि. ९ ऑगस्ट २०२५

रा. रा. व्याही श्रीकृष्णराव यांसी रामराम, वि. वि.

वरची खोली तुमची तुम्हाले लखलाभ. पोरीच्या घरचं अन्नपाणी आमच्यात घेत नाहीत, नातवंड होईलोक. नातवंड झालं की मंग घेतात. माह्या बापानं घेतलं नाही, आज्यानं घेतलं नाही. हे तुम्हाले लग्नाच्या बैठकीतच सांगतलं होतं. आता नवीन ऐकल्यासारखं कायले करता?

आन तुमची पद्धत मले समजली बरं का. गौरीताईले मी सोताच फोन केला. म्हटलं, बाई, तुह्या एका सहीपायी माही बायको मरून राह्यली, कधी येते? थे बिचारी चाट पडली. म्हणे, काका, मी तर जुलैमधी आठ दिवस यवतमाळातच होती, दादानं सहीचं नावच काढलं नाही. आता बोला! बहीण घरात, पेन खिशात, आन मले इकडे लिहून राह्यले की गौरी येईन तवा. हे काय होय? ह्याले आमच्याकडे खोटारडेपणा म्हणतात. तुमच्या खात्यात काय म्हणतात, थे लिहून कळवा.

मागच्या शनिवारी विमल आर्णीच्या स्टँडवर खालीच बसली. दोघा-तिघांनी धरून उठवली. हे बी फायलीले लावून ठेवा.

लोभ मागाची आता मले लाज वाटते.

विठ्ठलराव

*

यवतमाळ
दि. २० ऑगस्ट २०२५

श्री. विठ्ठलराव यांना नमस्कार.

हो. नाही काढलं सहीचं नाव. मुद्दाम नाही काढलं. बाकी सगळे कागद तयार होऊन माझ्या कपाटात पडलेत. गौरीची एक सही राहिली आहे, आणि ती का राहिली ते आज लिहूनच टाकतो.

अक्षय तृतीयेला तुम्ही माझ्या बैठकीत बसला होता. साक्षीदार म्हणून शेजारचे दोघे होते. उज्ज्वलानं चांदीच्या पेल्यातून पाणी आणलं. तुम्ही ट्रेला हात लावलात, तो कपाळाला लावलात, आणि पिशवीतून स्वतःची प्लास्टिकची बाटली काढून घटाघटा प्यायलात. माझ्या घरात! लग्नाला चार वर्षं झाली, दर खेपेला हेच. साक्षीदारांपैकी एकानं मला नंतर विचारलं, की तुमच्या पाण्यात काही दोष आहे का.

आणि ते ‘नातवंड होईलोक’! दर वेळी मोठ्यानं, चारचौघांत. मंदार-निकिताला अजून मूल नाही, तुम्हाला माहीत नाही? तुम्ही ते म्हणता आणि निकिता उठून आत जाते. ती माझी सून आहेच, पण तुमची मुलगी आहे हो!

ज्या घरचं पाणी तुम्हाला चालत नाही, त्या घराच्या विटा कशा चालतात? माझी अट एकच. बैठकीत यायचं, बसायचं आणि एक पेला पाणी प्यायचं. प्यायलात की त्याच दिवशी गौरीला बोलावतो. नाही प्यायलात, तर कपाटाला कुलूप आहे.

लोभाचा विषय त्यानंतर काढू.

श्रीकृष्ण

*

आर्णी
दि. ५ सप्टेंबर २०२५

श्रीकृष्णराव,

रामराम घालाची इच्छा नाही, पण बापानं शिकवलं म्हणून रामराम.

तुमच्या एका सहीसाठी मी माह्या बापाची रीत मोडू? आन थे बी तुम्ही कुलूप दाखवलं म्हणून? नाही पेत जा. पेल्यात अमृत आणून ठेवलं तरी नाही पेत. माह्या पोरीचं दुःख मले शिकवाची गरज नाही. थे माह्या घरात वाढली, तुमच्या कपाटात नाही.

माहा इसार परत करा. वकिलाची नोटीस येऊनच राह्यली, सही करून घेजा, तुम्हाले सह्यांचा शौक आहे. मी दुसरं घर पाहीन, पुन्हा पह्यल्यापासून सगळं करीन, सालभर लागलं तरी बेहत्तर. विमलले म्हटलं, अजून एक उन्हाळा काढ गाडीत. तिले समजते.

लोभ खतम.

विठ्ठलराव

*

यवतमाळ, दवाखाना
दि. १८ सप्टेंबर २०२५

श्रीकृष्णरावांना विमलचा नमस्कार, वि. वि.

एका हाताले सुया टोचल्या आहेत, दुसऱ्या हातानं लिहून राह्यली, म्हणून वेडंवाकडं येईन. हेच पत्र निकिता उतरवून घेईन आन एक आर्णीले यायले, माह्या मालकाले, पाठवन. दोघांनी आपापल्या जागी बसून वाचा.

तुमची पत्रं मी घरी वाचली. यायची पत्रं निकितानं तुमच्या टेबलावरून आणून दाखवली. दोघांनी माह्या नावानं लय लिहिलं. गाडी लिहिली, उलट्या लिहिल्या, स्टँडवर बसली थे लिहिलं. मले कोणी विचारलं नाही. हे म्हणतात, तिले समजते. मले काय समजते हे यायले कधी समजलं? यायची रीत मोठी, तुमचा पेला मोठा, आन गाडीत मी. लाज नाही वाटत तुम्हा दोघाले?

आज सकाळी दवाखान्याच्या आधी मी तुमच्या घरी गेलती. तुम्ही फिराले गेलते. मी बैठकीत बसली, तुम्ही म्हणता त्याच जागी. उज्ज्वलाताईले म्हटलं, पाणी आणा. त्यायले वाटलं मी थट्टा करते. मी म्हटलं, पेला नको, तांब्याच आणा भरून. आणला, आन मी सगळा पेली, एका दमात. किती दिवसांनी पोटभर पेली, श्रीकृष्णराव, काय सांगू! गोड लागलं. निकिता दारात उभी राहून रडून राह्यलती. मी तिले म्हटलं, रडू नको, आता ‘नातवंड होईलोक’ हा शब्द तुह्या बापाच्या तोंडून निघाला, तर मी पाहते त्याले.

इथं आली तर सिस्टरनं वजनकाट्यावर उभं केलं आन अशी रागावली की बाजूचे पेशंट पाहाले लागले. थो तांब्या म्हणजे माह्या आजच्या दिवसाचं सगळं पाणी होतं. आता रात्रीची गोळी कोरडीच गिळीन. यायच्या पह्यल्याच पत्रात लिहिलं होतं हे. तुम्ही कागदं वाचणारे माणूस, तेवढं वाचलं नाही.

आता ऐका. कन्यादानाच्या पाटावर आम्ही दोघं जोडीनं बसलो होतो. रीत यायची एकट्याची नव्हती. थे आज मोडली, म्हणजे यायची बी मोडली. यायनं घरी भांडावं माह्याशी, मी तयार आहे. तुमची अट बी झाली. इसार परत मागाचा नाही, कपाटाले कुलूप ठेवाचं नाही, नोटीस आली तर फाडून टाका.

गौरीताईशी बोलली मी, थे रविवारी येते. पितृपक्षाचं कारण बी रविवारीच संपते. सोमवारी घट बसतात. अकरा वाजता दोघं बी रजिस्ट्री ऑफिसात या, एकमेकांशी बोलले नाही तरी चालन, सही कराले बोलणं लागत नाही.

नाही झालं, तर मंगळवारी माही डायलिसिस आहे. आधी तुमच्याकडे येईन, आन पुन्हा तांब्याभर पाणी मागीन.

लोभाचं तुम्ही दोघं पाहून घ्या.

विमल