बूट काढून खेळायचा खेळ

लाइरसेट,
४ सप्टेंबर १९९१

ती. गुन्व्होरताईस,
आयलिफचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

मी, आयलिफ ग्रोन्स्टा, वाणिज्य शाखेचा पदवीधर, येथील दूधसंघाचा हिशेबनीस आणि पालकांनी मिळून चालवलेल्या बालवाडीचा कोषाध्यक्ष, हे पत्र तुझा सल्ला मागण्यासाठी लिहीत आहे. तुझे सारे आयुष्य बालवाड्यांत गेले. मी केवळ एका चार वर्षांच्या मुलीचा आजोबा आहे.

गेल्या वसंतात आमचा दुग्नाद झाला. ज्याच्या घरात मूल आहे त्याने त्या दिवशी फावडे घेऊन यायचे आणि फुकट राबायचे, हा नियम मीही पाळला. नव्या रस्त्याच्या खोदाईतली माती वाया जाणार होती. ती आणून आम्ही अंगणाच्या टोकाला, ओढ्याच्या काठावर, मुलांना बर्फगाड्यांवरून घसरण्यासाठी छान टेकडी उभी केली. उतार मी स्वतः पाणसळ लावून तपासला. शेवटी वाफल आणि तपकिरी चीज खाऊन सर्वजण समाधानाने घरी गेले.

आता अडचण सांगतो. टेकडीवर एकही मूल चढत नाही. त्याऐवजी मुले रोज एक खेळ खेळतात, जो कोणी शिकवलेला नाही. बूट काढून, अंगणामागच्या मोठ्या खडकाच्या कडेने ते ओळीत लावतात, मोज्यांवर अंगणात परततात आणि जमिनीला कान लावून पालथी पडतात. एकजण हात वर करतो. मग सगळी आवाज न करता खडकाकडे जातात. मी पाहायला गेलो तेव्हा माझ्या नातीने, तीरिलने, मला दरडावले, की आजोबा, बूट काढा आधी, टाचा टोचतात तिला. कोणाला, असे विचारल्यावर म्हणाली, की झोपलीय ना ती, एवढं पण कळत नाही तुम्हाला?

मुख्य शिक्षिका सोल्फ्रीड या खेळात मोडता घालत नाही. शिकवण्याचा तास कोणता, असे मी तिला मागे एकदा रीतसर विचारले होते. पहिला बूट चढतो तिथपासून शेवटचा उतरतो तिथपर्यंत, असे ती म्हणाली आणि एका रडक्या पोराचा बूट तिने माझ्याच हातात दिला. पाइनची बोंडे वाटून घेताना मुले भागाकार शिकतात, हे मला मान्य आहे. पण या खेळातून ती काय शिकतात? बालवाडी समितीचे अध्यक्ष कोल्बेन, जे ट्रॅक्टर विकतात, ते म्हणतात की बाई मुलांना भुताखेताच्या गोष्टी सांगते, तिला आवरा नाहीतर घरी बसवा. खेळ बंद करावा का, हे तू सांग.

ताजा कलम: बालवाडीत मुलांचे ओले कपडे वाळवण्याचे जे गरम कपाट आहे, त्यात एक लहानसा मोजा पडून आहे. जाड, करडा, टाच लाल. कोणाचाच नाही. मी सूचनाही लावली. बाकीचे कपडे रात्रीत वाळतात. हा रोज सकाळी ओलाच असतो. कपाट दुरुस्त करून घ्यावे लागेल.

माया आहे तेवढी असू दे. पत्र लांबले म्हणून कमी करू नये.

तुझा,
आयलिफ


बूडो,
११ सप्टेंबर १९९१

चि. आयलिफ यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

अरे, बहिणीला पत्र लिहितोस की कर्जाचा अर्ज करतोस? नाव आणि हुद्दा वाचून मला वाटले, आता खाली साक्षीदारांच्या सह्या असतील. तरी बरे, लिहितोस तरी. माझे कान आता यंत्र लावूनही फोनला दाद देत नाहीत. शेजारीण ओरडून सांगते आणि मी भलतेच ऐकून हसते. येथे वारा सुरू झाला आहे, गुडघा दुखतो, कॉड मात्र उत्तम मिळतो.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. खेळ बंद करू नका. लहान मूल जे तोंडाने सांगू शकत नाही ते खेळून सांगते. मोठ्यांना ते ऐकू येत नाही, म्हणून ते रोज सांगते. आगीचा बंब पाहिलेले पोर आठवडाभर बंब होते, तसेच हे. त्यांनी काहीतरी पाहिले किंवा ऐकले आहे. तू कोट सांभाळत उभा राहू नकोस. खाली त्यांच्या उंचीवर बस आणि पाहा. आणि सोल्फ्रीडला त्रास देऊ नका. अशी बाई तुम्हाला पुन्हा मिळणार नाही.

एक विचारते. खडकाकडे जाताना ओळीतले शेवटचे मूल उलट चालते का? म्हणजे तोंड मागे करून? हे मी का विचारते आहे, ते मलाही सांगता येत नाही. लिहिता लिहिता हाताने लिहिले, आणि खोडावेसे वाटले नाही.

तीरिलचा पापा घे. कपाटाच्या दुरुस्तीवरून कोणाशी भांडू नकोस.

तुझी,
गुन्व्होरताई


लाइरसेट,
२ ऑक्टोबर १९९१

ती. ताईस,
आयलिफचा सा. न. वि. वि.

तू सांगितल्याप्रमाणे मी खाली बसलो. शेवटचे मूल उलट चालते. तोंड मागे, ओठांवर बोट, पाय अंदाजाने टाकत. आजकाल ते काम तीरिलकडे आहे. असे का चालायचे, हे मी तिला विचारले. ती म्हणाली, की कोणी मागं राहिलं नाही हे तिला दिसायला नको का? कोणी राहिलंय असं वाटलं तर ती अंग धरून ठेवते, हलत नाही. हे तिने इतक्या सहजपणे सांगितले, की जणू हात धुवून जेवायला बसावे, असेच काही सांगत होती. ताई, हे तुला कसे ठाऊक?

खेळात आणखी भर पडली आहे. मुले वाळूच्या बादल्यांत टेकडीची माती भरतात आणि खडकावर नेऊन ओततात. दिवसभर ये-जा चालते. गाणे नाही, भांडण नाही. इतकी शहाणी मुले मी कधी पाहिली नाहीत, आणि ते मला आवडले नाही. मी रागावलो, तेव्हा तीरिल म्हणाली, की आजोबा, तुम्ही सगळ्यांनी मिळून तिच्यावर जड पांघरूण टाकलंत, उकडतंय तिला, सारखी कूस बदलते. कोल्बेनने टेकडीभोवती दोरी बांधली.

नेहमीप्रमाणे बाहेर अंगणात बाबागाड्यांत झोपणारी तान्ही मुले दुपारी एकाच क्षणी जागी होतात. रडत नाहीत, नुसती डोळे उघडून पडून राहतात. कोल्बेन म्हणतो, वारा. वारा नव्हता.

कोणी पाहत नाही याची खात्री करून मीही बूट काढले आणि जमिनीला कान लावला. मला काही ऐकू आले नाही. अंगणाच्या फाटकाची कडी मात्र खाचेत बसेनाशी झाली आहे. ते फाटक मी स्वतः ओळंबा लावून बसवले होते. लाकूड फुगले असेल, असे समजून मी कानस घेतली आणि खाच रुंद केली. आता बसते.

समितीची बैठक झाली. मुलांनी बूट घालूनच खेळावे आणि पहिले बर्फ पडताच सोल्फ्रीडने त्यांना टेकडीवर न्यावे, असे ठरले. मीही हात वर केला. सोल्फ्रीडने एवढेच विचारले, की ज्या गोष्टीला मुलं नाही म्हणतात, ती तुम्ही आधी स्वतः करून पाहिलीत का हो? कोल्बेन म्हणाला, बाई, माझं वजन बर्फगाडीला पेलायचं नाही. सगळे हसले. ती हसली नाही.

नेले नाही तर तिची नोकरी जाणार. तीरिल तिच्यासोबत असणार. तुझे मत कळव आणि धाकट्यावरचा लोभ तेवढा सैल सोडू नकोस.

तुझा,
आयलिफ


बूडो,
२८ ऑक्टोबर १९९१

चि. आयलिफ,
आशीर्वाद. ख्यालीखुशाली नंतर.

काल दुपारी कानातली यंत्रे काढून आडवी झाले, उशीला कान लागला, आणि सगळे आठवले. इतकी वर्षे ते कोठे होते, देव जाणे.

तुझ्या जन्माआधीची गोष्ट. मी पाच वर्षांची होते. आपल्या आईचे माहेर तुमच्या त्याच ओढ्यावर, पलीकडच्या काठाला. आम्ही मुले तेथे हाच खेळ खेळायचो. बूट खडकाशी, कान जमिनीला. कोणी शिकवला नव्हता. आम्हीही तिला नुसते ती म्हणायचो. नाव विचारायचे धाडस कोणाला झाले नाही. त्या शरद ऋतूत मामांनी नवे कोठार बांधायला घेतले, तळघर खणले आणि सगळी माती काठावर रचली. गावातले सगळे मदतीला आले होते. तुमच्यासारखेच, अरे.

एके दिवशी हात वर झाला आणि आम्ही खडकाकडे निघालो. शेवटी मी होते. मी उलट चालत होते, म्हणून मी एकटीनेच पाहिले. कुरण खिरीसारखे पातळ झाले आणि अर्धवट उभे कोठार त्यावरून तरंगत गेले. आवाज झाला नाही. त्या गडबडीत माझा एक मोजा चिखलात रुतून राहिला. आई रागावली. करडी लोकर पुरली नाही म्हणून टाच लाल घातली होती तिने, आणि त्याच जोडातला एक मी हरवला.

खाली निळी माती आहे, वरून वजन पडले की तिचे पाणी होते, असे नंतर मोठी माणसे म्हणत. असेल. खाली माती आहे की आणखी कोणी, यावर मी तुझ्याशी वाद घालणार नाही. जमीन तपासणारे लोक बोलाव. ते पांघरूण काढा. आणि तोपर्यंत मुलांना बूट काढू द्या.

तुझ्या पहिल्या पत्रातली ताज्या कलमाची ओळ मी आज पुन्हा वाचली. त्याविषयी मला काही लिहायचे नाही.

तीरिलला सांभाळ. वाकून पाहा, वाकून ऐक.

ताई


ती. ताईस,
आयलिफचा सा. न. वि. वि. आम्ही सर्व सुखरूप आहोत. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचे तू शांतपणे वाचशील.

तुझे पत्र मिळाले त्या सकाळी बर्फ पडून गेले होते आणि मुले बर्फगाड्यांच्या दोऱ्या धरून अंगणात उभी होती. मी धावत गेलो. कोल्बेन फाटकाशी होता. मी त्याला पत्रातला मजकूर सांगितला. तो म्हणाला, अहो हिशेबनीस, आता बहिणीच्या स्वप्नावर बालवाडी चालवायची का? तुम्ही पण मोज्यांवर नाचणार?

खरे सांगतो ताई, पत्राने माझी अर्धीच खात्री पटली होती. मी फाटक लावायला गेलो. कानस घालून रुंद केलेल्या खाचेपासून कडी पुन्हा दोन बोटे लांब गेली होती. मुले गोष्टी रचतात, बहिणी घाबरतात. कडी असे काही करत नाही.

मी पायरीवर बसलो आणि बुटांच्या नाड्या सोडू लागलो. मुलांनी ते पाहिले. सगळी बर्फात बसली आणि बूट काढू लागली. सोल्फ्रीडच्या डोळ्यांत पाणी आले, पण हात थांबले नाहीत. तिने एका बाबागाडीचा दांडा कोल्बेनच्या हातात दिला आणि म्हणाली, हे पोर धरा, माझी नोकरी नंतर खा. आम्ही निघालो. बर्फावर मोज्यांचा आवाज होत नाही. कोल्बेन बूट घालून, पुटपुटत, गाडी ढकलत चालला होता. तीरिल सर्वांत शेवटी, उलट, ओठांवर बोट ठेवून.

तिची टाच खडकाला लागली आणि टेकडी गेली. झोपेतल्या माणसाने पांघरूण लाथाडावे, तशी गेली. मागोमाग फाटक, वाळूचा हौद, बर्फगाड्या, इमारतीची ओढ्याकडची अर्धी बाजू, सगळे संथपणे खाली वाहून गेले. मला त्यात फक्त एक लांब सुस्कारा ऐकू आला. सोल्फ्रीडने प्रत्येक मुलाच्या डोक्याला हात लावला. सगळी होती. कोल्बेन आपल्या पायांकडे पाहत राहिला. मग खाली बसला आणि त्याने बूट काढले.

आता बालवाडी चर्चच्या सभागृहात भरते; ते खडकावर आहे. सोल्फ्रीड तेथेच आहे, आणि तिला घरी बसवण्याची भाषा कोणी करत नाही. जमीन तपासणारे लोक येऊन गेले. निळी माती, वर आमच्या टेकडीचा भार, असा त्यांचा निष्कर्ष आहे आणि तो मला मान्य आहे. हिशेब जुळतो. एक बाब सोडून.

वाळवणीचे कपाट ओढ्यात गेले. पण त्या दुपारी सभागृहात मुलांचे ओले मोजे बदलताना सोल्फ्रीडला दिसले, की तीरिलच्या एका पायात तो करडा मोजा आहे. शेवटी चालणाऱ्यानं तो घालायचा असतो, असे तीरिल म्हणाली. ती अजून झोपली आहे का, असे मी विचारले. नाही आजोबा, ती उठून गेली, असे उत्तर आले. जाताना सांगून गेली, की मागच्या वेळी जी मुलगी शेवटी उलट चालत आली, तिचा मोजा माझ्याकडे राहिला होता, तो तिला देऊन टाक. तुझे पत्र माझ्या आतल्या खिशात होते, आणि तीरिलला वाचता येत नाही.

म्हणून तो मेणकागदात गुंडाळून सोबत पाठवत आहे. टाचेची वीण आपल्या आईची आहे. मी तिचे मोजे वापरून मोठा झालो, माझी चूक होणार नाही. मी तो शेगडीवर, उन्हात आणि चर्चच्या भट्टीपाशी वाळत घातला. तीरिलने बजावले आहे, की ताईआजीला सांगा, घालायचा नाही, फक्त दोरीवर ठेवायचा. वाळला की समजायचं, ती कुठंतरी पुन्हा झोपली.

अजून वाळलेला नाही. ताई, तुझे घर खडकावर आहे ना, एवढे उलटटपाली कळव.

लोभ होता तसाच राहू दे. उत्तराला मात्र उशीर नको.

तुझा धाकटा भाऊ,
आयलिफ ग्रोन्स्टा
लाइरसेट, १० नोव्हेंबर १९९१