बाळ कोण धरणार

२१ नोव्हेंबर

चि. ठमू,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे. जेवण वेळेवर होतं, गोळी विसरत नाही. गावच्या शाळेत गुरुजींनी पत्र लिहायला शिकवलं, फोनवर बोलायला नाही. म्हणून हे.

दवाखान्यात नवी पद्धत आली आहे. लसीची कुपी फोडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून पूर्वी दहा बाळं जमेपर्यंत कुणी ती फोडत नसे. तोवर बायका घरी जात, बाळं तशीच राहत. आता एका बाळासाठीही फोडायची, आणि तीही बाळंतिणीच्या खाटेपाशी जाऊन. बर्फाचा डबा घेऊन मी सिस्टरांच्या मागे फिरतो. कंपाउंडर कुरकुरले, "उरलेली वाया जाते हो!" सिस्टर म्हणाल्या, "कुपी म्हणजे काय जीप आहे, भरल्याशिवाय हलायची नाही?"

काल कोपऱ्यातल्या खाटेवरची मुलगी अडून बसली. तुझ्याच वयाची. नवरा कामासाठी दूर, सोबतीला कुणी नाही.

"घरचं कुणीतरी येऊ दे, मग टोचा. मला बघवणार नाही."

कोण येणार, ते तिलाही सांगता येईना. दुपारी तर तिला सोडणार होते.

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "मामा, डबा ठेवा खाली. हात धुऊन या."

मुलीनं मला नीट न्याहाळलं. "पाडणार नाही ना?"

"अजून तरी एकही पाडलेलं नाही."

बाळ घेतलं, मनात देवाचं नाव घेतलं. सुई लागली तसं ते किंचाळलं आणि त्यानं माझा सदरा ओला केला. सगळे हसले, तीसुद्धा.

घरी आल्यावर सदरा लगेच धुववेना. हे सांगायलाही घरात कुणी नव्हतं.

ठमू, रविवारी तू म्हणालीस, "आई असती तर बाळंतपणाला बोलावलं असतं. तुम्ही येऊन काय करणार, बाबा?" मी "बरोबर आहे" म्हणून फोन ठेवला. तुला अवघड वाटू नये म्हणून तसं म्हणालो.

बाळाला पहिल्याच दिवशी लस टोचून घे, त्याआधी दवाखाना सोडू नकोस. तेव्हा त्याला धरायला मी येऊ का? नको म्हणालीस तरी रागावणार नाही. पण या वेळी "बरोबर आहे" म्हणणार नाही.

तुझ्या होकाराकडे डोळे लावून बसलेला,
बाबा