बाबांच्या नसेतलं मासळीचं तेल

आई, बाबा गेले. तुझ्यामागे इतकी वर्षं एकटे राहिले आणि गेल्या महिन्यात गेले. पण त्यांच्या शेवटच्या दिवसांतली एक गोष्ट त्यांनाही माहीत नव्हती, ती तुला सांगायची आहे.

बाबा बालाघाट जिल्ह्यातल्या बिरसा गावी तहसीलीत बाबू होते, तेव्हाचा एक रविवार मला अजून दिसतो. तू महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेला, घरात मांस-मासळी बंद. बाबा पळसाच्या पानांत मासोळ्या गुंडाळून दारात उभे. "माह्या चुलीवर नाही," तू म्हणतेस. ते अंगणात तीन विटा मांडून स्वतःच रांधायला बसतात. तू त्यांच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत असतेस, आणि थोड्या वेळाने तशीच, न वळता, ओरडतेस, "हळद टाकली का? नाहीतं वास येईन घरभर!" पुढे कितीतरी रविवार असेच गेले. मग तू गेलीस आणि बाबांनी मासळी सोडली. मी एकदा विचारलं, "काहून सोडली, बाबा? आता तं कोणी अडवत नाही." ते म्हणाले, "थेच तं."

यंदा त्यांचं आतडं फुटलं. इथेच बालाघाटला ऑपरेशन झालं, पण पोट काही चालू होईना. घशात श्वासाची नळी, तोंडाने पाण्याचा थेंब नाही, सगळं अन्न नसेतून. तिथल्या तरुण डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. "दीदी, एक बॉटल आती है जिसमें मछली का तेल होता है. सूजन में शायद थोड़ा फायदा करे, गारंटी नहीं है. नागपुर से मँगवानी पड़ेगी. घर में कोई परहेज तो नहीं?"

मी काचेतून बाबांकडे पाहिलं. हात सुजलेले, डोळे मिटलेले. त्यांनी सोडलेली गोष्ट त्यांना न विचारता त्यांच्या रक्तात घालायची? व्रत असतं तर मी नाही म्हटलं असतं. पण ते व्रत नव्हतं, आणि जे होतं ते डॉक्टरांना कोणत्या भाषेत सांगू? "हौ," मी म्हटलं, "मँगवा लो."

दुसऱ्या दिवशी तेलाची ती पांढरी बाटली लागली, थेंब थेंब उतरू लागली. दुपारी बाबांनी डोळे उघडले. बाटलीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. बोलता येत नव्हतं. भुवया तेवढ्या उचलल्या, काय आहे म्हणून. "जेवन हाय, बाबा, तुमचं," मी म्हटलं. त्यांनी माझं बोट धरलं.

सूज उतरेल म्हणून मी रोज त्यांच्या पायावर अंगठा दाबून बघायची. खड्डा तसाच राहायचा. मग किडन्या थांबल्या, आणि एका सकाळी सगळंच. त्या तेलाने वाईट काही झालं नाही, असं डॉक्टर म्हणाले. चांगलं काही झालं का, ते मी विचारलं नाही.

हे पत्र लिहून मी कुठल्या पेटीत टाकणार आहे, कोण जाणे. त्या तेलावर विश्वास बसला म्हणून मी हौ म्हटलं नव्हतं, आई. बाकी सगळं आपोआप होत गेलं; त्या साऱ्या दिवसांत मला कोणी विचारलेली ती एकच गोष्ट होती.