भोपळ्याला पहिली सुरी

खुटबाव. दसऱ्याचा आदला दिवस, १९९८. दिवेलागण.

भोपळा माझा. परसात बी मी लावलं, वेलाला पाणी मी घातलं. पण अख्खा भोपळा बाईनं आधी कापायचा नाही म्हणे, घरातल्या पुरुषाच्या जिवावर बेततं. म्हणून सकाळी दिराला म्हटलं, "भावजी, घारग्यांसाठी भोपळ्याला तेवढी सुरी लावून जा."

सासूबाई आतून ओरडल्या, "त्याला कशाला अडिवतीस? येकाला खाल्लंस, आता ह्याच्यावर डोळा हाय व्हय?"

माझा नवरा तापानं गेला. हे भावजींनाही ठाऊक आहे. तरी सुरीला हात न लावता गाडीला किक मारली आणि कुरकुंभला कामावर गेले.

दुपारी सासूबाई देवळात गेल्या. मी विळी घेतली आणि भोपळा मधोमध चिरला. माझाच भोपळा. आतून कसा केशरी निघाला!

त्या परत आल्या, दोन फोडी बघितल्या आणि उंबऱ्यातच बसल्या. अजून उठलेल्या नाहीत.

शिफ्ट केव्हाच सुटली. भावजी आलेले नाहीत.

आम्ही दोघी गाडीच्या आवाजाकडे कान लावून बसलोय. त्या देवाजवळ काय मागतायत ते ऐकू येतंय. मी काय मागतेय ते या वहीतसुद्धा लिहवत नाही.