पाठशाळेतलं पाळणाघर

९ जानेवारी

झालं एकदाचं! पाठशाळेच्या तळमजल्यावर पाळणाघर — मंजूर!

कमिटीत नुसता काथ्याकूट. एकजण म्हणे, वर धर्माचा पाठ आणि खाली दुपटी वाळत घालणार का? दुसरे म्हणे, आवाजाचं काय? अध्यक्षांनी तर माझ्याकडे बघून विचारलंच — “पण बाई, तुम्हाला लहान मुलांचा अनुभव?” म्हणजे लग्न केलं नाहीत, पोरंबाळं नाहीत, तुम्हाला काय कळतंय. मी म्हटलं, “अनुभव असलेल्या बायका ठेवू. मला पाठशाळेचा अनुभव आहे, आणि ती चालत नाहीये.”

खोटं थोडंच होतं? माझ्या वर्गात बाकं जास्त, मुली कमी. शिकवणाऱ्या तरुण बायका बाळंतपणाला जातात त्या जातातच — मूल कुणाकडे ठेवणार? आता लहानग्यांना शिकवणाऱ्या छोट्या बाईही तेच म्हणतायत. खाली पाळणाघर झालं तर त्या परत येतील, आणि खालची पोरं मोठी होऊन जिना चढून आपल्या वर्गात येतील. मी हेच मांडलं. शिक्षकांची प्रतिनिधी म्हणून मलाही मत आहे. दिलं!

अण्णा आलेच नाहीत. वडील म्हणून नाही, निदान जुने मुख्य गुरुजी म्हणून तरी यायचं! “पाय दुखतोय” म्हणे. सकाळी त्याच पायाने जिना चढून मोठ्या मुलांचा पाठ घेऊन आले होते.

१० जानेवारी

अण्णा जेवताना अवाक्षर बोलले नाहीत. भाजीत मीठ घालायला मी विसरले होते, तरी नाही. म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

१४ जानेवारी

अग्निशमन खात्याचे साहेब येऊन गेले. खोलीच्या मध्यभागी उभं राहून एक गिरकी घेतली आणि म्हणाले, “बाहेर पडायला दार एकच? नाही चालणार.” दुसरं दार मागच्या अंगणात काढायचं, म्हणजे मागची भिंत फोडायची. त्या भिंतीला टेकून ग्रंथांची कपाटं उभी आहेत. ती आता कुठे हलवायची? वर. वर कुठे? अण्णांच्या वर्गात. अण्णांना कोण सांगणार? मी.

सांगितलं. म्हणाले, “आण.” एवढंच. चिडले असते तर बरं झालं असतं — चार शब्द मीही बोलून घेतले असते.

२० जानेवारी

आज हसून हसून पोट दुखलं. प्लंबरने छोटे कमोड आणून अंगणात ओळीने मांडून ठेवले. गुडघ्याएवढाले. तेवढ्यात अध्यक्ष पाहुण्यांना इमारत दाखवायला घेऊन आले! पाहुणे आदराने विचारतात, “हे काय आहे?” अध्यक्षांचा चेहरा! म्हणाले, “नवीन उपक्रम.”

हसले खरी. पण मन कशात लागत नाही. वर्गात शिकवताना कान खाली — मिस्त्री आला का, रबराच्या लाद्या आल्या का. खाली गेले की कान वर — मुली पाठ म्हणतायत का नुसत्या गप्पा मारतायत. जिना चढून उतरून माझ्या पोटऱ्या भरून आल्या. एका जागी बसलं की वाटतं दुसरीकडे काहीतरी बिघडतंय.

२७ जानेवारी

भिंत फुटली. धूळ वरपर्यंत. अण्णांच्या वर्गातली मुलं खोकत बाहेर आली, अण्णा मात्र आत बसून. मी खिडक्या लावायला गेले. ते म्हणाले, “पाठाच्या जागी शांतता लागते. इतकं तरी तुला मी शिकवलं होतं.”

मग माझाही तोल गेला. म्हटलं, “आणि मला कुठे ठेवत होतात हो? आई गेली तेव्हा मी दीड वर्षाची. इथेच ना? तुमच्या मागे सतरंजीवर? तेव्हा नाही शांतता मोडली?”

म्हणाले, “तू रडत नव्हतीस.”

“सगळी मुलं रडतात, अण्णा.”

“पहिले काही दिवस रडलीस. मी पाठ सोडून उठत नाही, हे मग तुला कळलं. त्यानंतर नाही रडलीस.”

असं म्हणाले, जसं कुणी सांगावं की तेव्हा पाण्याचा नळ अंगणात होता. रागाने नाही, पश्चात्तापाने नाही. पंच्याने टेबलावरची धूळ पुसत.

सगळे हीच गोष्ट कौतुकाने सांगतात — गुरुजींनी आईवेगळी पोर सांभाळून पाठ चालवला, एक दिवस खाडा केला नाही. मीही कौतुकानेच सांगत आले.

२८ जानेवारी

दुपारी वर्गात एक ओळ चुकले. मी! झोपेतून उठवलं तरी अख्खा पाठ म्हणून दाखवेन, ती मी! मुली एकमेकींकडे बघत होत्या.

सतरंजी आठवायचा प्रयत्न करतेय. नाही आठवत. आवाज आठवतो फक्त — सगळ्या मुलांचा एका सुरातला, पोटात घुमणारा. मला तो सूर आवडतो. अजूनही. फरशी पुसताना, भांडी घासताना ओळी आपोआप तोंडात येतात. आता वाटतं, आवडतो की नुसती सवय?

असले विचार नकोत. उद्या रंगारी येणार आहे.

६ फेब्रुवारी

उघडलं!

पोरं सांभाळायला ठेवलेली मावशी भल्या सकाळी हजर. चांगली बाई आहे. आवाज मोठा, हात मऊ. छोट्या बाई आपलं बाळ घेऊन आल्या, त्याला मावशीकडे दिलं, जिना चढल्या, उतरल्या, परत चढल्या. मी म्हटलं, “जा आता वर्गावर, नाहीतर तुम्हालाच पाळण्यात घालते.” हसल्या. डोळे पुसत गेल्या. पण शिकवलं! पुष्कळ दिवसांनी त्या वर्गातून आवाज आला.

दुपारी समोरच्या दवाखान्यातली एक नर्स विचारायला आली. मुलगा दीड वर्षाचा. घरी बघणारं कुणी नाही, ड्यूटी बदलती. आमच्या धर्माची नाही, हे नावावरूनच कळलं. तीच आधी म्हणाली, “चालत नसेल तर सरळ सांगा बाई, मला वाईट नाही वाटणार.” वाटणार होतं. दिसत होतं. म्हटलं, “उद्यापासून आणा.”

७ फेब्रुवारी

अध्यक्षांचा फोन. बातमी पोचलीच. “अहो, ती आपल्यातली नाही.”

म्हटलं, “पोरगा दीड वर्षाचा आहे साहेब. त्याला अजून भिंत कुठली आणि दार कुठलं ते कळत नाही. आज सकाळीच डोकं आपटून घेतलं.”

“लोक बोलतील.”

“बोलू देत. पाठशाळेबद्दल कुणी काही बोलल्याला किती वर्षं झाली!”

मी अशी बोलणारी नाही. कधीपासून झाले?

१३ फेब्रुवारी

नर्सच्या मुलाचं नाव मावशीने ‘भोंगा’ ठेवलंय. शोभतं. आई दाराबाहेर पडली की सुरू — ते दमेपर्यंत. दमतो, पाणी पितो, ताजातवाना होऊन पुन्हा. बाकीची पोरं आधी त्याच्याकडे बघतात, मग विचार करतात, मग तीही सुरू. आज वरचे सगळे पाठ बंद पडले. माझ्या मुली कानात बोटं घालून म्हणत होत्या. म्हणजे नुसते ओठ हलत होते.

अध्यक्षांचा पुन्हा फोन. “त्या एका मुलाला काढा, प्रश्न मिटेल.”

मावशी म्हणते, थोडे दिवस दुर्लक्ष करायचं, रुळतो. तिने इतकी मुलं सांभाळलीत, तिला माहीत असणार. मी बरं म्हटलं. मग जिन्यात उभी राहिले. ना वर, ना खाली.

रुळतो म्हणजे काय होतं त्याचं?

१५ फेब्रुवारी

आज भोंग्याने कहर केला. आणि अण्णा खाली आले.

मला वाटलं, झालं. आता सगळ्यांदेखत बोलणार. मावशी पदर सावरून उभी राहिली. अण्णा दारात थांबले, चपला काढल्या, पण आत आले नाहीत. विचारलं, “कधीपासून रडतोय?”

मी म्हटलं, “आई गेल्यापासून.”

“उचलत का नाहीस?”

“सवय लागेल म्हणून. मावशी म्हणते, आपोआप गप्प होईल.”

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “होईल. ते मला माहीत आहे.” आणि मग — “उचल.”

उचललं. जड आहे कार्टं. माझ्या खांद्याला नाक पुसलं, चिमटे काढले, रडतच राहिलं. काही चमत्कार झाला नाही. पण अण्णा वर गेले आणि मुलांना म्हणाले, “आज पाठ नाही. घरी जा.” मुलं धडाधड जिना उतरून पळाली. त्यांना काय, आनंदच!

अण्णांनी पाठ सोडला. मी हे असंच लिहून ठेवतेय. याच्यापुढे काही सुचत नाही.

१६ फेब्रुवारी

अण्णांना विचारलं, काल असं का केलंत. “घसा बसला होता.” चहा ओतून घेतला आणि पेपर समोर धरला. माझ्याही मनातलं बाहेर आलं नाही. आम्ही दोघं एका माळेचे मणी.

२४ फेब्रुवारी

भोंगा आता कमरेवर बसून शिकवू देतो. उतरवलं की भोंगा. म्हणून मी त्याला घेऊनच वर्ग घेते. मुलींना गंमत वाटते. तो माझ्या तोंडात बोट घालून बघतो, आवाज कुठून येतोय ते. आज ओळीच्या शेवटी “आ” म्हणाला. मुली टाळ्या वाजवायला लागल्या, मी रागावले. मग मीही वाजवली.

नर्सला संध्याकाळी सांगितलं. ती म्हणाली, “तुमचा पाठ म्हणतोय की काय आता!” मी जरा चपापले. तिला चालेल का? ती हसून म्हणाली, “म्हणू दे हो. घरी आम्ही आमचा म्हणू.”

२ मार्च

पाळणाघर भरलं! दवाखान्यातल्या आणखी दोघी विचारून गेल्या, त्यांना थांबायला सांगावं लागलं. अध्यक्ष आता पाहुण्यांना आपणहून कमोड दाखवतात! “आमची कल्पना” म्हणतात. म्हणेनात.

छोट्या बाईंचा वर्ग नीट चाललाय. आता तीन-चार वर्षं तग धरायचा. खालची पहिली पोरं जिना चढेपर्यंत.

९ मार्च

अण्णांचं काहीतरी बिनसलंय. माझ्या वर्गातली मोठी मुलगी परवापासून त्यांच्याकडे मोठ्या मुलांच्या पाठाला जाते. ती सांगत होती — अण्णा-आजोबांनी पाठ घेतलाच नाही. एकेकाला जवळ बोलावून विचारलं, इथे नसतास तर आत्ता काय करत असतास? कुणी म्हणालं, फुटबॉल. कुणी म्हणालं, झोपलो असतो. सगळे हसले, आजोबाही हसले म्हणे!

मी विचारलं, “तू काय सांगितलंस?”

“मी सांगितलं, मला इथे आवडतं.”

बरं वाटलं. पण ती पुढे म्हणाली, “मग त्यांनी विचारलं, खरं सांग. मग मी खरं सांगितलं.”

काय सांगितलं, ते मी विचारलं नाही. वही तपासायला घेतली.

वय झालंय अण्णांचं. डॉक्टरांना दाखवायला हवं.

१३ मार्च

अण्णा सकाळी अध्यक्षांच्या घरी गेले. स्वतःहून! चालत! परत आले ते थकलेले, पण चिडलेले नाहीत. जेवताना म्हणाले, “आज भाजी चांगली झाली.” जन्मात पहिल्यांदा.

रविवारी वार्षिक सभा. मी वर्गांचा अहवाल लिहायला बसतेय. या वर्षी लिहिण्यासारखं काहीतरी आहे!

१९ मार्च

पाठशाळा बंद करायचा ठराव मंजूर झाला. खाली पाळणाघर राहणार. वरचा मजला शाळेतून सुटलेल्या मोठ्या मुलांना — खेळा, झोपा, काहीही करा.

ठराव अण्णांनी मांडला. कारण विचारलं तर म्हणाले, “मी मुलांना विचारलं.” मग खाली बसले.

विरोधात एकच हात वर होता. माझा.