भिंतीतली थोरली

४ सप्टेंबर
आले एकदाची सासरी. टाशलीपनार गाव मला फार आवडलं. आमचं घर रोमन काळातल्या पडक्या नाट्यगृहाच्या पाठीलाच टेकलेलं आहे. इथं कुणाच्याही भिंतीत जुने दगड असतात. शेजारणीच्या भट्टीला तर देवळाचा खांब आहे. आमच्या दाराशेजारी कुण्या मेलेल्या बाईचा कोरीव चेहरा आहे. नवी नवरी चौकटीला मध लावते, तसं मी बोट बुडवलं, तर सासूबाई म्हणाल्या, आधी तिच्या ओठांना लाव, ती या घरची थोरली सून, तू धाकटी. मी म्हटलं, दगडाला कसलं आलंय गोड, आणि बोट चाटून टाकलं. कुणी हसलं नाही. तुंजेरसुद्धा नाही, आणि तो तर माझा नवरा.

७ सप्टेंबर
तुंजेर अवशेषांवर पहारेकरी आहे. सकाळी निघताना थोरलीच्या गालावरून हात फिरवतो. मला मात्र एवढंच, पाव बांधलास का गं. शेजारीण गुलिझार म्हणते, नशीबवान आहेस बाई, तुझी सवत तोंड तरी उघडत नाही. मी म्हटलं, तुझ्याकडे पाठवते, तूच नांदव. हसले, पण आतून जळले.

११ सप्टेंबर
आज त्यानं तिचा चेहरा माझ्या लग्नाच्या ओढणीनं पुसला. तळपायाची आग मस्तकात गेली. तो कामावर गेल्यावर चुना कालवला आणि तिचं थोबाड लिंपून टाकलं. सासूबाई बाजारातून आल्या, भिंत बघितली. एवढंच विचारलं, लिंपताना तिचे डोळे मिटलेले होते ना?
कोरलेले डोळे मिटतील कसे? उघडेच होते.

१३ सप्टेंबर
तुंजेर रागावला नाही, तेच जास्त लागलं. चुन्यावरूनच हात फिरवून गेला. माझ्या जिभेवर चुन्याची चव आहे. चहा प्यायले, मध खाल्ला, तरी जात नाही.

१६ सप्टेंबर
ओठ तडकलेत. पुसले की पांढरी पूड. भिंतीवरचा चुना गळून पडला — खाली नुसता खड्डा. चेहरा नाही. स्वयंपाकघरात कुणीतरी गुणगुणतंय. सासूबाई तर माझ्यासमोर बसल्यात —

१८ सप्टेंबर
ती, भिंतीतली, माझी ओढणी घेऊन घरभर वावरते. तुंजेर तिला हाक मारतो, पेरीहान. माझं नाव. मी इथं आहे म्हटलं — आवाज नाही. सासूबाईंनी मला दाराशी, भिंतीतल्या त्या खड्ड्यापाशी आणून बसवलं. रडत होत्या.

१९ सप्टेंबर
उठवत नाही. बोटं वळत नाहीत — तिनं त्याला पाव बांधून दिला. तो निघाला. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्याजवळ थांबला — गालावरून हात — किती हळुवार —
बघ सटवे, नीट बघ. मी हसायला गेले, तर ओठ —