गाडी गॅरेजात आहे तोवर

मंगळवार, ४ मार्च

आज चढावर इंजिन असं ठोकायला लागलं की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. टक्-टक्-टक्! ह्यांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि चेहराच पडला. अठरा वर्षं जपलेली गाडी. "बाबांनी माझ्यापेक्षा तिचे लाड जास्त केले" असं मुलगी नेहमी म्हणते, आणि त्यात फारसं खोटं नाही.

दुसऱ्या गाडीला बांधून गॅरेजात नेली. मिस्त्री बराच वेळ कान देऊन ऐकत होता. "काका, आतलं बेअरिंग गेलंय. आता अशी चालवलीत तर रस्त्यातच बसेल. इंजिन खाली उतरवावं लागणार."

हे हळहळले. मीही तोंडानं चक्-चक् केलं.

आणि आतून मला इतकं बरं वाटलं! इतकं हायसं! माझीच मला लाज वाटली.

बुधवार, ५ मार्च

लिहूनच टाकते. निदान कागदाला तरी सांगते.

मागच्या महिन्यात दाताच्या डॉक्टरांकडून परत येत होतो. पुलापाशी डावीकडे वळायचं, तर हे सरळ गेले. म्हटलं, असेल काही काम. मग पेट्रोल पंपाशी थांबले. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. आणि मला विचारलं, "आता कुठून?"

ह्यांनी! तीस वर्षं ज्यांनी कंपनीच्या मालाच्या गाड्यांना रस्ते आखून दिले! ड्रायव्हर अडला की घरी फोन करायचा आणि हे जेवता जेवता तोंडपाठ सांगायचे, "शाळा गेली की उजवीकडे घे."

मी म्हटलं, "डावीकडे." अगदी सहज, 'आमटीत मीठ कमी आहे' म्हणावं तसं. घरापर्यंत आता उजवीकडे, आता सरळ करत राहिले. दारात आल्यावर हसून म्हणाले, "आज डोकंच चालत नव्हतं बघ." मीही हसले.

पुढच्याच आठवड्यात लाल सिग्नलला थांबलेच नाहीत. स्कूटरवाला थोडक्यात वाचला.

आणि नातीला रोज शाळेतून हेच आणतात. मागच्या सीटवर पट्टा लावून ती गाणी म्हणत असते.

मला गाडी येत नाही. मुलीला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं की ती त्याच दिवशी किल्ली काढून घेईल, आणि मग ह्यांचं काय होईल ते मला बघवणार नाही. नाही सांगितलं तर? तर काय होईल तेही दिसतंय.

शुक्रवार, ७ मार्च

मिस्त्रीनं दोन मार्ग सांगितले. इंजिन पूर्ण खोलून दुरुस्त करायचं, म्हणजे वेळ लागणार आणि आवाज पुरता जाईल याची खात्री नाही. नाहीतर भंगारात गेलेल्या तशाच एखाद्या गाडीचं चांगलं इंजिन आणून बसवायचं.

मुलीचा तिसराच सूर. "आई, पुरे झालं ते डबडं! नवी घ्या सरळ."

हे म्हणाले, दुरुस्तच करायचं. मी म्हटलं, दुरुस्त करून पुन्हा वाजलं तर? मग हे म्हणाले, बरं, दुसरं बसवू. मी म्हटलं, ते कुणाचं, किती पळालेलं, बघायला नको? मुलीला म्हटलं, नवी घ्यायची तर चार ठिकाणी चौकशी नको का करायला? सगळ्यांना माझं पटलं!

मी एवढी लबाड आहे हे मला या वयात कळतंय.

रविवार, ९ मार्च

गाडीवाचून घर शांत आहे. पण हे दिवसातून कितीदा तरी खिडकीशी जाऊन खालची रिकामी जागा बघतात.

मंगळवार, ११ मार्च

नातीला आता हे बसनं आणतात. मी निश्चिंत होते. बसला चालवणारा दुसरा असतो ना!

आज ती आली, बूट भिरकावले आणि म्हणाली, "आजी, गंमत! आजोबा उतरतच नव्हते. मीच म्हटलं, अहो हा आपला स्टॉप!"

हे पलीकडे उभे होते. शर्टाचं बटण काढत होते. तेच बटण, पुन्हा पुन्हा.

उद्यापासून मीही जाणार. "माझे पाय आखडलेत, तेवढंच चालणं होईल" म्हटलं. 

बुधवार, १२ मार्च

मिस्त्रीचा फोन. दुसरं इंजिन मिळालं म्हणे. एरवी मेला कधी वेळेवर काम करत नाही!

गुरुवार, १३ मार्च

इंजिन बघायला दोघं गेलो. फरशीवर लाकडाच्या ठोकळ्यांवर ठेवलं होतं. हे वाकून इंजिनाचं चाक हातानं फिरवून बघत होते. मी शोधत होते खोट.

"हा गंज कसला?"

"काकू, गंज नाही तो. तेलाचा डाग आहे."

"मग तेल गळतंच का मुळात?"

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. ह्यांच्याकडे बघितलं, काका तरी समजावतील म्हणून. हे म्हणाले, "बरोबर बोलतेय ती. अजून एखादं बघ."

सुटले! पण येताना बसमध्ये वाटलं, किती दिवस? प्रत्येक इंजिनाला थोडाच डाग असणार?

रविवार, १६ मार्च

मुलगी आली, हातात नव्या गाडीची चकचकीत चित्रं. जेवताना सगळं समजावून सांगत होती. "बाबा, यात पडद्यावर नकाशा दिसतो. एक बाई बोलून सांगते, कुठे वळायचं ते."

"मला रस्ता सांगायला कुणी नकोय!"

केवढ्यानं ओरडले! नातीचा चमचा हवेतच राहिला. हे ताटावरून उठून गेले. आजवर असं कधी झालं नाही.

स्वयंपाकघरात मुलगी माझ्या मागे आली. "आई, बाबांचं जाऊ दे, तुझं काय चाललंय? याला नाही, त्यालाही नाही. दुरुस्त करायची, बदलायची, का नवी? एक काय ते बोल ना." ओठांवर आलं होतं. अगदी ओठांवर. तेवढ्यात नात पाणी मागायला आली.

मी म्हटलं, "ती बरणी दे वरची." बरणीत काही नव्हतंच.

बुधवार, १९ मार्च

मुलीनं परस्पर मिस्त्रीला सांगून टाकलं. दुसरं इंजिन बसवा आणि शनिवारी गाडी द्या! मला फोनवर म्हणाली, "संपला घोळ एकदाचा. सोमवारपासून बाबा आणतील तिला गाडीनं. बसमध्ये किती दमते ती!"

 ह्यांना सांगितलं तर नुसतं "असं?" म्हणाले आणि वर्तमानपत्र उलटं-सुलटं करत बसले. आनंद दिसला नाही. मला वाटलं, बेत न विचारता ठरला म्हणून रागावले असतील.

गुरुवार, २० मार्च

ह्यांना डॉक्टरांकडे न्यायचं. पण काय सांगून न्यायचं? "चला, तुम्ही विसरता म्हणून"? चाळीस वर्षांच्या संसारात एवढं एक वाक्य जमत नाहीये मला.

सकाळी हे एकटेच बाहेर पडले. दाढीचं सामान आणतो म्हणाले. येईपर्यंत मी गॅलरीतून हलले नाही. आले— सामान न घेताच. मी विचारलं नाही.

शुक्रवार, २१ मार्च

ठरलं. उद्या गॅरेजात मी जाणार, ह्यांच्या आधी. मिस्त्रीला सांगणार, गाडी देऊ नका. कारण विचारलंन तर खरं सांगणार. आणि तिथूनच मुलीला फोन करणार. बापाची लेक आहे, रडेल, माझ्यावर चिडेल. चिडू दे. मागच्या सीटवर तिचं लेकरू असतं.



शनिवार, २२ मार्च

गाडी तशीच, इंजिनावाचून. मिस्त्री उखडलाच माझ्यावर. "काकू, तुम्ही घरात एकमेकांशी बोलता की नाही? ताई म्हणतात बसवा. परवा काका येऊन सांगून गेले, बसवू नकोस. काहीतरी कारण काढ आणि लांबव. आणि काकूला कळू देऊ नकोस, ती माझ्या शेजारी जीव मुठीत धरून बसते, पण बोलत नाही."

कशी घरी आले कळलं नाही. हे दारातच उभे होते.

"कुठे गेली होतीस?"

"गॅरेजात."

 मग चपला पायात सरकवल्या आणि माझा हात धरला.

"चल, डॉक्टरांकडे जाऊ. रस्ता तू सांग."